आयोडीनचं सोवळं

वर्गात आयोडीन शिकवायचं असलं की मी आधी काही बोलत नाही. परीक्षानळीत चार काळे चकचकीत खडे टाकते, बर्नरवर धरते आणि मुलींची तोंडं बघत राहते. खडे पातळ झालेले फारसे दिसत नाहीत, एकदम जांभळी वाफच उठते आणि मागच्या बाकावर डुलक्या घेणाऱ्या मुलीसुद्धा "हाय दइया" म्हणत माना उंच करतात. नळी गार झाली की वरच्या काचेवर तेच खडे पुन्हा जमतात. मग बटाट्याच्या कापावर आयोडीनच्या द्रावणाचा थेंब टाकते आणि बटाटा निळाकाळा पडतो. एवढं झालं की मी त्यांना काहीही शिकवू शकते. हे मूलद्रव्य माझं लाडकं होतं. आता लाडकं आहे की नाही, ते मला सांगता येत नाही.

माझे वडील रेल्वेत होते. बदलीनं मुगलसराईला आले आणि तिथंच राहिले, त्यामुळे मी वाढले रेल्वे कॉलनीत. लग्न करून बनारसमध्ये, दूधविनायकाच्या गल्लीत आले. सासरे पुरोहित होते, ते मी यायच्या आधीच गेले. नवरा बँकेत. आणि घरात खरी सत्ता सासूबाईंची. त्यांचं मराठी अर्धं हिंदी. "सूनबाई, खिडकी बंद कर, बंदर आत घुसेल," हे त्यांचं मला उद्देशून पहिलं वाक्य. सकाळी आंघोळ करून त्या सोवळ्यात गेल्या की पूजा आणि स्वयंपाक होईपर्यंत त्यांना कोणी शिवायचं नाही. मी रसायनशास्त्र शिकवणारी बाई, आणि जिभेला हाड नसलेली. पहिल्याच वर्षी महिन्याच्या त्या दिवसांत बाजूला बसायला मी साफ नकार दिला. पुष्कळ आदळआपट झाली. शेवटी त्यांनी देवघर आणि लोणच्याची बरणी एवढं स्वतःकडे राखलं आणि बाकीचं सोडून दिलं. "तुमच्या सोवळ्याला काही आधार नाही," असं मी त्यांना बरेचदा सुनवायची. त्या म्हणायच्या, "तू शाळेत शिकव. इथं नको."

आम्हाला मूल फार उशिरा झालं. आशा सोडून दिल्यावर झालं, त्यामुळे मुलगी जन्मली तेव्हा सासूबाईंनी गल्लीतल्या ओळखीच्या-अनोळखी सगळ्यांना पेढे वाटले. दिवस वैशाखाचे होते. पोर माझ्या अंगाला चिकटली ती सुटेचना. मी तिला पाजत बसायची आणि मला दुसरं काही नको वाटायचं. असं सुख माझ्या वाट्याला येईल असं मला खरंच वाटलं नव्हतं.

दसऱ्याच्या सुमारास आरशासमोर मंगळसूत्र घालताना गळ्याशी गाठ लागली. थायरॉइडचा कर्करोग निघाला. डॉक्टरीणबाईंनी अगदी प्रेमानं समजावलं, की कर्करोगांमधला हा त्यातल्या त्यात बरा. मला मनात राग आला. बरा असेल तर तुम्ही घ्या, असं म्हणावंसं वाटलं, पण म्हटलं नाही. दिवाळीनंतर ऑपरेशन झालं. गाठ गेली, ग्रंथी गेली. पण काही पेशी मागे राहिल्या होत्या आणि त्यांच्यासाठी आयोडीन घ्यायचं ठरलं.

हे आयोडीन म्हणजे जखमेवर लावायचं तपकिरी औषध नव्हे, मिठातलंही नव्हे. मिठात असतं ते एकशे सत्तावीस वजनाचं, शांत स्वभावाचं, जन्मभर आहे तसं राहणारं. त्याला पुष्कळ भावंडं आहेत. एक काही तासांतच निम्मं होतं, ते फोटो काढण्यापुरतं वापरतात. एक कोट्यवधी वर्षं टिकतं. मला द्यायचं होतं ते एकशे एकतीसवालं. त्याचं अणुकेंद्र अस्वस्थ असतं, ते किरण टाकतं आणि दुसऱ्याच मूलद्रव्यात बदलून जातं. पण वागणूक सगळ्या भावंडांची एक. थायरॉइडला आयोडीनची भूक असते आणि समोर आलेलं शांत आहे की तापट, हे तिला ओळखता येत नाही. ती खात सुटते आणि आतून जळून जाते. सगळा उपचार या न ओळखण्यावर उभा आहे. मी हे वर्गात शिकवलेलं होतं. वर्गात शिकवलं नव्हतं ते डॉक्टरीणबाईंनी सांगितलं.

"बच्ची का दूध छुड़ाना पड़ेगा," त्या म्हणाल्या. "अभी से."

मला वाटलं, औषध घेईन तेवढे दिवस. तसं नव्हतं. आयोडीनची भूक थायरॉइडसारखीच आईच्या छातीलाही असते. तिथं ते साठतं आणि दुधात उतरतं, कारण बाळाला आयोडीन लागतं आणि ते त्याला आईकडूनच मिळायचं असतं. शरीर बाळासाठी म्हणून जे वेचून ठेवतं, तेच आता त्याच्या गळ्यात जाऊन बसलं असतं. म्हणून औषधाच्या कितीतरी आठवडे आधी दूध पूर्ण आटवायचं आणि या बाळाला पुन्हा कधीच पाजायचं नाही. पुन्हा कधीच, हे त्यांनी दोनदा सांगितलं. मी मान हलवली आणि घरी येईपर्यंत रिक्षात रडत राहिले.

संक्रांत दोन दिवसांवर होती, ती झाली की तोडायचं ठरलं. सासूबाईंनी रामबाण उपाय सांगितला, कडुनिंबाचा पाला वाटून छातीला लावायचा, पोर तोंड लावेल आणि फिरवेल. मी लावला. मुलीनं तोंड लावलं, नाक मुरडलं, माझ्याकडे रागानं पाहिलं आणि तो सगळा कडुनिंब चाटूनपुसून निवांत प्यायला लागली. सासूबाई हसता हसता भिंतीला टेकल्या. "आजोबांवर गेली आहे, कडू काढा असाच प्यायचे," त्या म्हणाल्या. मीही हसले. हसता हसताच तिला सोडवलं आणि त्यांच्या हातात दिलं. त्यानंतर ती माझ्याकडे झोपली नाही. शेजारच्या खोलीत ती रडायची आणि इकडे माझं पोलकं भिजायचं. छाती घट्ट बांधून मी पडून राहायची. जीव तीळ तीळ तुटणं हे मी तोवर नुसतं ऐकलं होतं.

मग आयोडीनवाचून उपाशी राहायचं सुरू झालं. उरलेल्या पेशींना कडकडून भूक लागावी, म्हणजे औषध आलं की त्या तुटून पडतील. रोजचं मीठ बंद, दूध-दही बंद, अंडी आम्ही खातच नव्हतो. बनारसमध्ये राहून दूध-दही सोडायचं म्हणजे काय असतं ते इथं राहणाऱ्यालाच कळेल. सासूबाईंना मात्र उत्साह आला. "सेंधा मीठ? एवढंच? ते तर उपासाचंच!" त्यांनी डबा काढला. मी पाकिटावरचं बारीक छापलेलं वाचून त्यात आयोडीन घातलेलं नाही याची खात्री केली. मग रोज साबुदाणा, वरई, रताळं, बटाटा. एकादशी दुप्पट खाशी म्हणतात, इथं महिनाभर एकादशी चालू होती आणि खाणारीला चव नव्हती. ग्रंथी काढल्यापासून चालू असलेल्या थायरॉइडच्या गोळ्याही बंद केल्या होत्या. अंग सुजलं, आवाज घोगरा झाला, फाल्गुनातही थंडी वाजायची. बोलताना शब्द सापडत नसत. मुलगी माझा आवाज ऐकून टकमक बघायची, ही कोण म्हणून.

औषध घेतलं त्याला वेळ काहीच लागला नाही. शिशाच्या जाड भांड्यात छोटी बाटली, तिच्यात स्ट्रॉ. चव पाण्याची. देणारा माणूस पटकन मागे सरला आणि त्यानं दार ओढून घेतलं. इस्पितळातल्या त्या खोलीत मी काही दिवस होते. पाणी पी, आंबट गोळ्या चघळ, दोनदा फ्लश कर. दारातून यंत्र धरून एकजण मोजायचा. यंत्र कडकडायचं, ती कडकड माझी होती. नवरा फोनवर मुलगी दाखवायचा. ती फोनचा पडदा चाटायची.

घरी सोडलं, पण नियम लावून. लहान मुलापासून लांब. डॉक्टरीणबाईंचं म्हणणं, तिला नातेवाइकांकडे ठेवा. पण आमचं जवळचं कोणी बनारसात नव्हतं, आणि पोर आत्ताच कुठं आजीला रुळली होती. तेव्हा मीच वर गेले, गच्चीवरच्या खोलीत. तिला वेगळी मोरी होती.

इस्पितळातली नर्स सासूबाईंना एकेक नियम सांगत होती, तसा त्यांचा चेहरा उजळत गेला. ताट-वाटी वेगळी. कपडे वेगळे धुवायचे, वेगळ्या दोरीवर. अंथरूण वेगळं. कोणी शिवायचं नाही, बोलायचं ते लांबून. "अरे, यह तो हमको आता है," त्या नर्सला म्हणाल्या. आणि खरंच, त्यांच्याइतकं चोख कोणाला जमलं नसतं. जेवण दारात ठेवून त्या लांब जाऊन बसायच्या. माझी चादर काठीनं उचलायच्या. कोणता नियम का आहे, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. ज्या गोष्टीवरून मी त्यांच्याशी पहिलं वर्षभर भांडले होते, तीच गोष्ट आता मी माझ्या शास्त्राच्या हुकमानं करत होते. दोघींनाही ते कळत होतं. त्यांनी टोमणा मारला नाही. मला तर वाटतं, त्यांना माझी कीव येत होती.

मग पाडवा आला. गुढी आमच्याकडे गच्चीवरच उभारतात, माझ्या खोलीच्या समोरच्या कठड्याला. मी दार लावून खिडकीत उभी होते. नवऱ्यानं काठी बांधली. सासूबाईंनी साखरेची माळ घातली. मुलगी सतरंजीवर होती. तिनं मला खिडकीत पाहिलं आणि ती रांगत निघाली. नवऱ्यानं उचलून परत आणलं. ती पुन्हा निघाली. तिसऱ्यांदा तिला उचललं तेव्हा ती जी रडायला लागली, ती थांबेना. हिरड्या सुजल्या होत्या, झोप अर्धवट होती आणि आई समोर दिसत होती. नवरा तिला खांद्यावर घेऊन खाली गेला. जिन्यातून आवाज येतच राहिला.

थोड्या वेळानं दार उघडलं. दारात सासूबाई, कडेवर मुलगी. मुलीच्या अंगावर एक सूत नव्हतं. लंगोट नाही, गळ्यातला काळा दोरासुद्धा काढलेला.

"घे," त्या म्हणाल्या. "कपडे काढलेत सगळे. आता चालतं."

मला क्षणभर काही समजलं नाही. मुलीनं दोन्ही हात माझ्याकडे टाकले होते. तिच्या मांडीवरच्या वळ्या दिसत होत्या. मग समजलं. जुन्या घरांत बाई बाजूला बसली की तिला कोणी शिवत नसे, पण अंगावरचं मूल तिला लागायचंच. म्हणून तेवढी वाट ठेवलेली होती, मुलाचे सगळे कपडे काढायचे आणि आईकडे सोडायचं. उघड्या बाळाला विटाळ नाही. पाजून झालं की पुन्हा आंघोळ घालून कपडे घालायचे. सासूबाईंनी माझं आयोडीन तसंच समजून घेतलं होतं. सगळे नियम तंतोतंत पाळले, मग हा एक तरी का पाळू नये?

त्यांनी एक पाऊल आत टाकलं. मी मागे सरले, खाटेला अडखळले, भिंतीला जाऊन टेकले.

"मागे व्हा! आई, मागे व्हा!" त्या घोगऱ्या आवाजात मी एवढी ओरडले की मुलगी रडायची थांबली. मग तिचा खालचा ओठ बाहेर आला.

"अगं, पण कपडे..."

"कपड्यांनी काही होत नाही! माझ्या अंगातून किरण निघतात. ते कपड्यातून जातात, कातडीतून जातात, दारातून जातात. तिला घेऊन जिन्यात जा. आधी जा!"

त्या जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभ्या राहिल्या. पदराखाली मुलीला झाकून घेतलं. चेहरा पडला होता. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

"म्हणजे तुझ्या शास्त्रात बाळाला सूट नाही?"

"नाही."

"मुळीच नाही?"

"नाही हो, आई."

त्यांनी मुलीचा पाय पदराखाली ओढून घेतला. मग म्हणाल्या, "हे कसलं ग सोवळं? आमच्यात सुद्धा बाळाला सूट होती."

त्यांच्या ज्या नियमांना मी निर्दय म्हणत आले, त्यांत लेकरासाठी एक दार ठेवलेलं होतं. माझं शास्त्र खरं होतं, अगदी शंभर नंबरी खरं, आणि त्यात दार नव्हतं. मी भिंतीला टेकून रडले. त्या तिकडे रडल्या. मध्ये गुढीची सावली पडली होती आणि मुलगी आजीच्या पदरातून हात काढून ती पकडू बघत होती.

त्या दिवसापासून संध्याकाळी त्या मुलीला घेऊन गच्चीच्या पलीकडच्या टोकाला बसायला लागल्या, डॉक्टरीणबाईंना फोनवर विचारून, त्या सांगतील तेवढ्या अंतरावर आणि तेवढा वेळ. तिथून आम्ही ओरडून बोलायचो. एकदा त्यांनी आपलं सांगितलं. माझा नवरा अंगावर पीत होता तेव्हा त्याही अशाच बाजूच्या खोलीत बसायच्या. "दिवसभर कोणी तोंड बघायचं नाही. मग सासू याला उघडा करून दारात सोडायची. रांगतरांगत यायचा. मला वाटायचं, याची भूक कधी भागूच नये." एवढं बोलून त्या गंगेकडे बघत बसल्या. पंचगंगा घाटाकडून आरतीच्या घंटा ऐकू येत होत्या. इतक्या वर्षांत त्यांना मी कधी विचारलंच नव्हतं, की त्या खोलीत तुम्ही कशा राहायचात.

एकशे एकतीसचं आयोडीन आठ दिवसांत निम्मं होतं. पुढच्या आठांत त्याच्या निम्मं. शरीर बाहेर टाकतं म्हणून खरं तर त्याहून लवकर. मुलींना मी मोठ्या खुशीत सांगायची, की हे निम्मं होत जातं पण हिशेबात शून्य कधी येत नाही. किती मूर्ख बाई मी, कशाची खुशी वाटायची? आता प्रत्येक सकाळी मी तेच मनात घोळवायची आणि शून्य मागायची. गच्चीवरून खाली चौकात मुलगी दिसायची. ती उभं राहायला शिकली ते मी वरून पाहिलं. पहिलं पाऊल टाकलं ते पाहायचं राहिलं, मला खालून नुसता टाळ्यांचा आवाज आला.

तिलाही शिकवलं जात होतं. ती जिन्याकडे वळली की कोणीतरी "ना ना ना" म्हणायचं. वर गच्चीवर आली की आजीच्या पुढे जायचं नाही, गेली की उचलून मागे. सुरुवातीला ती आकांत करायची. मग नुसती कुरकुर. मग आजीजवळ बसून लांबूनच माझ्याकडे बघायची, हसायची सुद्धा. सगळे म्हणायचे, किती शहाणी पोर आहे.

वैशाखात डॉक्टरीणबाईंनी यंत्र धरलं. गळ्याशी धरलं, पोटाशी धरलं. कडकड नव्हती म्हटलं तरी चालेल. उरलेल्या पेशीही गेल्या होत्या, त्यांनी तेही सांगितलं, पण माझं लक्ष दुसरीकडे होतं. "अब गोद में लीजिए," त्या हसून म्हणाल्या. "जितना जी चाहे."

घरी येऊन मी आंघोळ केली, गरज नव्हती तरी. खालच्या खोलीत आले. मुलगी पलंगाला धरून उभी होती, सासूबाई शेजारी मोहऱ्या निवडत होत्या. मी दारातच जमिनीवर बसले, हात पुढे केले आणि तिला हाक मारली. आवाज आता माझा होता.

ती निघाली. पलंग सोडून, झोकांड्या खात, भराभर. माझ्यापासून हातभर अंतरावर आली आणि थांबली. मी हात आणखी पुढे केले. ती तिथंच. मग तिनं मान वळवून आजीकडे पाहिलं.

आपल्या आईकडे जाऊ का, हे माझी वर्षाची मुलगी विचारत होती.

सासूबाईंचे हात ताटात तसेच राहिले. "जा," त्या म्हणाल्या. "जा बेटा. आता चालतं."

मला झडप घालून तिला उचलावंसं वाटत होतं. मी उचललं नाही. मला वाटलं, आता मी पुढे सरकले तर ती मागे सरकेल. मी हात गुडघ्यावर ठेवून बसून राहिले. तिनं एक बोट पुढे केलं, माझ्या हाताला लावलं आणि चटका बसल्यासारखं मागे घेतलं. पुन्हा आजीकडे पाहिलं. कोणी "ना ना" म्हटलं नाही. मग तिनं तेच बोट पुन्हा लावलं, थोडा वेळ ठेवलं, आणि मग सगळा हात ठेवला.